दोन जोड मासोळ्या

हे लिहायला मी बसलो आहे खरा, पण परक्याच्या ओसरीवर न बोलावता बसल्यासारखे वाटत आहे. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर अंगठ्याखेरीज कुणी काही उमटवलेले नाही. मी कॉलेजात आहे, तेही अजून दुसऱ्याच वर्षाला, आणि लिहिणाऱ्यांनी लिहावे व आपण वाचावे एवढीच माझी पायरी. ती सोडून वर चढतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. एक सोय मात्र आहे. जी हकीकत सांगणार आहे तिच्यात माझ्या हातून वाचण्यातच एक मोठी चूक झालेली आहे. तिच्यापुढे माझ्या लिहिण्यातल्या चुका लहान वाटतील, अशी आशा आहे.

विषय निघाला हैद्राबादला, आमच्या बोर्डिंगच्या जेवणात. एका सोबत्याच्या मामूंच्या दिवाणखान्यात काचेच्या हंडीत तांबडे मासे आहेत. मामू त्या हंडीशेजारी बसून तळलेले मासे खातात, असे त्याने सांगितले. त्यावर दोन तट पडले. एक म्हणे, ही बेशरमी आहे. दुसरा म्हणे, हंडीतले वेगळे, ताटातले वेगळे. मी हळूच म्हणालो, "हा सवाल आमच्या घरी झालेला आहे."

"तुमच्याकडे काचेची हंडी आहे?"

"हंडी नाही. बैलांची डोण."

एवढा हशा झाला की पुढचे सांगायचे राहूनच गेले. ते इथे सांगतो.

आमचे गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड कोसावर. मळ्यात एक विहीर आहे आणि तिच्यावर मोट चालते. पुराच्या दिवसांत नदीचे पाणी त्या विहिरीत शिरते. असेच कधीतरी शिरलेल्या पाण्याबरोबर एक मरळ मासळी विहिरीत आली असावी. उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि एक दिवस वडिलांनी मोट ओढली तशी ती पाण्याबरोबर वर येऊन दगडावर आपटली. वीतभर होती. वडिलांनी तिला उचलून परत विहिरीत टाकले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोटेत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"आता हिला कुटं धाडायचं?" वडील म्हणाले. "बिनबोलावता तीनदा आली. पाव्हणी हाय ही."

विहिरीजवळ बैलांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. जुनी, खोल, चार माणसांना हलत नाही अशी. तिच्यात वडिलांनी मरळीला सोडले आणि ती उडी मारून बाहेर पडू नये म्हणून वर तुराट्यांची ताटी टाकली. त्या दिवसापासून तिचे नाव पाव्हणी पडले, आणि बैल दुसऱ्या डोणीवर पाणी पिऊ लागले.

आमचे वडील फार कमी बोलतात. माझ्याशी ते वर्षभरात जेवढे बोलत तेवढे त्या मरळीशी एका सकाळी बोलत. ज्वारीच्या रानातून नाकतोडे धरून उपरण्याच्या टोकात बांधून आणत. ताटी सरकवून पाण्याला बोट लावले की ती खालून वर येई आणि बोटापासून दोन अंगुळांवर थांबे. मग नाकतोडा. गावातले लोक बांधावरून जाताना ओरडत, "लोकं घोडी पाळायलेत, आन हा मरळ पाळायलाय! कवा जीन घालणार हाय रं?" वडील मान वर करत नसत.

आता खाण्याचे. आम्ही शेतकरी माणसे, माळ घातलेली नाही. दर बाजारवारी भोईवाड्यातली म्हातारी माशांची टोपली घेऊन दारात येई आणि माय शिंगट्या किंवा खवल काही तरी घेई. वडिलांना मासे फार प्रिय. डोकी तर ते कुणाला देत नसत. पण पाव्हणी आल्यानंतरच्या पहिल्याच बाजारवारी त्यांनी ताट बाजूला सारले.

"पोट बरं न्हाई," म्हणाले.

पुढच्या बाजारवारीही पोट बरे नव्हते. त्याच्या पुढच्याही. मधल्या सहा दिवसांत मात्र ते तीन तीन भाकरी खात. चौथ्या वेळी माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पोटाला वार कळायलेत का तुमच्या?"

वडिलांनी तांब्या तोंडाला लावला.

"कोंबड्यांला दाणे तुमीच टाकता आन त्यांलाच खाता. तवा बरं असतं पोट?"

"कोंबडी दाण्याकडं बघती," वडील म्हणाले. "माझ्याकडं न्हाई बघत."

"आन ही बया बघती?"

वडील हात धुऊन उठले. पण दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन मळ्यात गेल्यावर मायने आपणहून ताटी सरकवून पाहिली, हे मला माझ्या धाकट्या बहिणीने सांगितले. पुढे डोणीतले पाणी बदलण्याचे काम मायकडेच आले. ते करताना ती मरळीला शिव्या देई, पण पाणी मात्र न चुकता बदली.

माझे म्हणाल तर मी धड कुठलाच नव्हतो. बोर्डिंगात मासे होत तेव्हा मी खात होतो. घरी सुट्टीत आलो की वडिलांसमोर माझेही पोट बरे नसे. हे कबूल करायला लाज वाटते, पण खोटे लिहायचे तर लिहावेच कशाला?

पाव्हणी आली त्याच्या दुसऱ्या वर्षी थंडीच्या सुट्टीत मी घरी होतो, तेव्हा बहिणीचे लग्न ठरत आले होते. मुलाकडचे सेलूचे. कापसाचे बागायतदार, वाड्यात दगडी हौद असलेले. मुलाचे वडील खाण्यात शौकीन, त्यातही माशांचे फार नादी, सेलूत राहून गोदावरीचे मासे मागवतात, असे मध्यस्थाने सांगून ठेवले होते. मुलगी त्यांना पसंत होती. पक्के करायला ते परवा येणार, अशी चिठ्ठी घेऊन त्यांचा माणूस आला.

चिठ्ठी उर्दूत होती. मुलीचा भाऊ हैद्राबादला शिकतो म्हणून त्यांनी मुद्दाम एका मुन्शीकडून लिहवून घेतली होती. ओसरीवर सगळे जमले. वडील उजवीकडे, माय दाराशी, बहीण दाराआड. मी घसा साफ करून वाचले आणि मराठीत अर्थ सांगितला. परवा दुपारी आम्ही हजर होऊ. दो जोड मछलियां तैयार रखें. बाकी कसल्या तकल्लुफची जरुरत नाही.

"म्हंजे?" वडील म्हणाले.

"म्हणजे दोन जोड मासे तयार ठेवा. बाकी काही केले नाही तरी चालेल."

"दोन जोड?"

"म्हणजे चार."

"मासे कवापासून जोडीनं मोजायलेत? बैल हायत का ते?"

खरे तर इथेच मी थांबायला हवे होते. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग होत होता. मी म्हणालो, "बा, उर्दूत अदबीने बोलायची तशी रीत असेल."

"नीट वाच बरं पुन्ना."

मी पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी दोन जोडच आले.

दाराआडून बहीण म्हणाली, "दादा, मला बघायला यायलेत का मासे खायला?"

"तू गप," माय म्हणाली. पण तिच्याही चेहऱ्यावर तोच सवाल होता.

मी लगोलग भोईवाड्यात गेलो. तिथे सामसूम. वाड्यातली सगळी माणसे जाळी वाळत टाकून पाथरीला लग्नाला गेली होती. आमच्याकडे टोपली आणणारी म्हातारी तेवढी दारात बसलेली. तिने सकाळी गळ टाकला होता.

"तीन शिंगट्या हायत," ती म्हणाली. "मडक्यात जित्या ठिवते. परवा सकाळी ने."

"मावशी, चार पाहिजेत."

"चौथी तुमच्या डोणीत हाय की."

माझे तोंड बघून तिने हातातली काडी खाली ठेवली.

"हे बघ लेकरा. आमच्या घरात रोज मासा शिजतो. पर देवाच्या डोहातल्या माशाला आमी हात लावत न्हाई. ती खालची खडकाची शीळ हाय न्हवं, तिच्या खाली आला की मग आमचा."

"पण मावशी, त्या माशाला शीळ कशी कळते?"

"कळत न्हाई म्हणून तर गावतो," ती म्हणाली आणि बोळक्या तोंडाने इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "अनोळखी हाय तवर मासा. ओळख झाली की मग अवघड हाय."

दुसऱ्या दिवशी मी चुडाव्याला जाऊन आलो. बाजाराचा वार नव्हता, मासा मिळाला नाही. संध्याकाळी वडिलांना तसे सांगितले. ते उठून मळ्यात गेले. मी मागे मागे गेलो. ते डोणीच्या कडेवर बसले, ताटी सरकवली आणि पाण्याला बोट लावले. ती वर आली. आता चांगली हातभर झाली होती. वडिलांनी उपरण्याची गाठ सोडली. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा पुष्कळ नाकतोडे धरून आणले होते.

"चार लिवलंय म्हणतोस?"

"हो, बा."

"लेकीचं काम हाय," ते म्हणाले. "तीन ठिवले तर हात आखडला म्हणतील. पुढं तिला ऐकवतील." ताटी पुन्हा ओढून घेत म्हणाले, "इवायाला जबान द्यायची तर पुरी द्यायची."

घरी आल्यावर त्यांनी मायला सांगितले. दोन वर्षे त्या मरळीला शिव्या देणारी माय चुलीसमोरून उठली.

"मी कापणार न्हाई."

"मग कोण कापल?"

"ज्यानं चिठ्ठी वाचली त्यानं कापावी."

मी त्या वेळी जेवत होतो. पुढे जेवलो नाही.

पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील, आई, मुलगा आणि मध्यस्थ. व्याही म्हणजे मोठे भरदार गृहस्थ, मिशा पांढऱ्या. आत तीन शिंगट्यांचे कालवण झाले होते. पाव्हणीला वडिलांनी सकाळी घागरीत घालून घरी आणले होते आणि घागर ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याने झाकून ठेवली होती. कापण्याचे काम अजून कुणी अंगावर घेतले नव्हते.

ताटे वाढली. व्याह्यांनी कालवणाचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! मासे! हे तर तुमी लय झकास केलं. आमी तर म्हणलं होतं, काही करू नका."

वडील हात जोडून उभे राहिले. सबंध आयुष्यात मी त्यांना एवढे बोलताना ऐकलेले नाही.

"इवाई, तुमच्या चिठ्ठीपरमानं दोन जोड पायजे होत्या. तीन ताटात हायत. चौथी त्या घागरीत जिती हाय. दोन वर्सं आमच्या डोणीत होती, म्हणून कुणाचा हात उठंना. पर तुमच्या हक्काची हाय. म्हणाल तर आता कापतो."

व्याह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने मध्यस्थाकडे. मग व्याही उठले, घागरीपाशी गेले आणि फडके उचलून आत डोकावले. पाव्हणीला वाटले नाकतोडा आला. ती फटकन वर आली आणि व्याह्यांच्या मिशांवर पाणी उडाले.

"ही काय भानगड हाय?" व्याही म्हणाले. "चिठ्ठीत मासे कवा मागितले? कसल्या दोन जोड?"

"मासोळ्या," वडील म्हणाले. "चार."

मग आतून बांगड्या वाजल्या. आमच्या होणाऱ्या विहीणबाई चौकटीत आल्या, लुगड्याचा काठ वीतभर वर धरला आणि पाऊल पुढे करून बोट हलवले. बोटात चांदीच्या मासोळ्या होत्या.

"अवं, ह्या मासोळ्या! जोडवी आमची, मासोळ्या तुमच्या, एवढंच सांगायचं होतं! एक जोड रोजची, एक सणाची!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी मराठीत सांगितले मासोळ्या. मुन्शीने त्याचे उर्दू केले मछलियां. मी त्या मछलियांचे परत मराठी केले मासे. चिठ्ठीत मूळचा शब्द असता तर आमच्या अडाणी मायने तो ऐकताक्षणी ओळखला असता. दोन शिकलेली माणसे मध्ये आल्यामुळे दागिन्याचे कालवण झाले.

आधी बहीण हसली, दाराआड, तोंडात पदर धरून. मग विहीणबाई. मग मध्यस्थ खोकल्यासारखे करून हसले. व्याही तर भिंतीला टेकले. "मुन्शीचा पगार बंद!" ते ओरडले. "आता ह्याच्याफुडं उर्दू न्हाई. मोडीत लिवीन, पर उर्दू न्हाई!" वडील हसले नाहीत. ते घागरीवरचे फडके पुन्हा नीट बसवत होते. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी मान खाली घातली. पुढे कधीही ते मला त्या चिठ्ठीवरून एक शब्द बोलले नाहीत. बहीण मात्र अजून बोलते.

जेवणे झाली. मी तीन शिंगट्यांपैकी अर्धी खाल्ली, घागरीकडे पाठ करून. चव उत्तम होती.

निघताना व्याही थट्टेत म्हणाले, "पर इवाई, जबान दिली ती दिली. चौथी आमची. सुनेबरोबर येऊ द्या तिला."

"देईन," वडील म्हणाले. ते थट्टेत म्हणाले नव्हते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

वैशाखात लग्न झाले. चांदीच्या दोन जोड मासोळ्या बहिणीच्या पायांत होत्या. चुडाव्याच्या स्टेशनावर वऱ्हाड गाडीत बसत असताना गर्दीतून वडील आले. खांद्यावर घागर, वर ओले फडके. टिकीटबाबूने अडवले. "इसमें क्या है?"

"पाव्हणी," वडील म्हणाले.

बाबूने फडके उचलले, पाहिले आणि बाजूला झाला.

व्याह्यांना आपली थट्टा आठवलीही नव्हती. त्यांचा चेहरा पडला. "अवं, मी गंमत केली हो!"

"मी न्हवती केली," वडील म्हणाले आणि घागर खिडकीतून बहिणीच्या मांडीवर दिली.

तिला खाऊ नका, असे वडील म्हणाले असते तर व्याह्यांनी ऐकले असते. पण दिलेल्या वस्तूवर अट घालणे त्यांच्या स्वभावात नाही. गाडीने शिटी दिली. वडील खिडकीच्या गजाला धरून चार पावले चालले आणि व्याह्यांना एवढेच म्हणाले, "नाकतोडे आवडतात तिला. पाय तोडून टाकायचे."

गाडी गेली. परत येताना आम्ही दोघे दीड कोस चाललो. वडील एकदा बोलले. "माशांचा लय नादी हाय न्हवं तो?"

"हो, बा."

जूनमध्ये मी हैद्राबादला आलो. सेलूहून काही खबर नव्हती. गावच्या मास्तरांच्या हातची वडिलांची पत्रे येत, आणि प्रत्येकात शेवटी एक ओळ असे, सेलूकडील वर्तमान तुला काही समजले असल्यास कळवणे. बहीण खुशाल असल्याचे येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्यांना कळत होते. ती ओळ बहिणीसाठी नव्हती. व्याह्यांकडे मरळीची चौकशी कशी करायची, याची त्यांना लाज वाटत असणार. माझीही हिंमत झाली नाही. दर वेळी बोर्डिंगात मासे झाले की मला घागर आठवे आणि पोट खरोखरच बरे नसल्यासारखे होई. खायचे की नाही हे मी ठरवू शकलो नाही. अर्धे खात होतो, अर्धे ठेवत होतो.

पोळा होऊन गेला आणि एक दिवस डाकवाला एक मळकट पाकीट घेऊन आला. त्यावर इतके शिक्के होते की पत्ता शोधावा लागत होता. सापडला तेव्हा उलगडा झाला. व्याह्यांनी आपला शब्द पाळला होता. पत्र तर मोडीत होतेच, पत्ताही मोडीत होता. हैद्राबादच्या डाकखान्यात तो कुणाला वाचता येईना, म्हणून आषाढात निघालेले पत्र अडीच महिने या दारातून त्या दारात हिंडत होते. शेवटी कुणा जाणत्याने कोपऱ्यात बोर्डिंगचे नाव इंग्रजीत लिहिले होते.

मला मोडी अडखळत येते. पण या वेळी मी स्वतः वाचण्याचे धाडस केले नाही. फाटकाजवळ औरंगाबादकडचे एक पेन्शनर कारकून राहतात, त्यांच्याकडे पत्र नेले आणि एकेक शब्द दोनदा वाचून घेतला. मासोळी, मासा, मरळ, जो शब्द असेल तोच वाचा, त्याचा अर्थ सांगू नका, अशी विनंतीही केली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण वाचले. पत्र बहिणीने सांगितलेले आणि तिच्या नवऱ्याने लिहिलेले होते. त्याच दिवशी मी ते जसेच्या तसे बालबोधीत उतरवून मास्तरांच्या पत्त्यावर वडिलांना पाठवले. इथेही तेच देतो.

"दादास साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पाव्हणी आमच्या हौदात आहे. पहिले आठ दिवस मामंजी येताजाता तिच्याकडे बघून मिशांवरून हात फिरवीत, तेव्हा मी हौदापाशी जाऊन उभी राही. मग एक दिवस ते रानातून येताना उपरण्याच्या टोकात काही बांधून आले. आता रोज सकाळी हौदावर बसतात, कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. घरात मासे झाले की म्हणतात, पोट बरं नाही. सासूबाईंनी घाबरून वैद्यांना बोलावले होते. मला दुखणे ठाऊक होते, पण मी बोलले नाही. परवा बाजारातून एक मरळ जिवंत आली. मामंजींनी तिला कापू दिले नाही, हौदात सोडली. बांना सांग, एक जोड झाली. मामंजी म्हणतात, तुझ्या भावाला कळव, चिठ्ठी त्याने बरोबरच वाचली होती, दुसरी जोड तेवढी व्हायची आहे."